शनीचं तेल आणि ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह

गेल्या शनिवारी आई-बाबांना घेऊन शनिशिंगणापूरला जाऊन आलो. मी काही फार देवभोळा नाही. पण आईला साडेसाती चालू आहे म्हणे, आणि तिच्या साडेसातीपेक्षा तिचा आग्रह जास्त कडक असतो. पहाटे पुण्याहून निघालो, नगर ओलांडून घोडेगावला वळलो, रांग, दर्शन, तेल... बाहेर आलो तेव्हा चपलेपासून शर्टाच्या बाहीपर्यंत तेलच तेल.

परतताना नगरच्या रस्त्यावर आमच्यापुढे एक लांबुळका पांढरा टँकर होता. मागे लिहिलेलं, 'लिक्विड ऑक्सिजन'. बाबांची सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्सला गेली. ते म्हणाले, "असल्या तेलकट हातांनी तुला कुणी त्याच्या व्हॉल्व्हला हात लावू देणार नाही हं."

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल किंवा ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरला, रेग्युलेटरला, नळीच्या आट्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. शनिदेवाला तेल चालतं, ऑक्सिजनला नाही. पुण्यापर्यंत आम्ही मग याच विषयावर बोलत होतो. हा लेख म्हणजे त्या गप्पांचाच प्रताप.

शिंगणापूरची ख्याती तुम्हाला माहीत आहेच. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. चोरी केली तर शनिदेव बघून घेईल, हा भरवसा. मला वाटतं हॉस्पिटलच्या खाटेवरचा पेशंट अगदी याच भरवशावर पडलेला असतो. डोक्याशी भिंतीत एक तोटी असते, त्यातून ऑक्सिजन येतो. कुठून येतो, किती उरलाय, बघणारा कोण, काही माहीत नसतं. आपण सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याची सिस्टीम अशीच वापरतो. आत काय चाललंय ते विचारायचं नाही, उत्तर आलं की झालं.

तर भिंतीमागे काय असतं? मोठ्या हॉस्पिटलात द्रव ऑक्सिजनची टाकी, आत उणे १८३ अंशांच्या आसपास थंडगार द्रव. एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, म्हणून तर टँकरने आणणं परवडतं. छोट्या हॉस्पिटलात जम्बो सिलिंडर. एका खोलीत त्यांच्या दोन रांगा, एक चालू आणि एक राखीव. पहिली संपत आली की दुसरीवर जायचं. या जोडणीला मॅनिफोल्ड म्हणतात. तिसरा प्रकार पीएसए प्रकल्प. तो हवेतला नायट्रोजन शोषून घेतो आणि ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन देतो. त्याला टँकर लागत नाही, पण वीज लागते.

आता थोडं गणित (सवय, दुसरं काय!). जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या पेशंटला तो साडेअकरा तास पुरतो. हाय-फ्लो मशीनवर मिनिटाला ६० लिटर लागले, तर दोन तासही नाही. म्हणजे रात्री तीन वाजता कुणीतरी जागं राहून सिलिंडर बदलायलाच हवा. 'कुणीतरी' हा शब्द लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा त्याच्याभोवती आहे.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजनचा तुटवडा खराच होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून थेट विशाखापट्टणमला पाठवावे लागले, ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. पण त्या दिवसांतल्या दोन घटना मला जास्त छळतात.

पहिली नाशिकची. २१ एप्रिल २०२१, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. टाकी भरत असताना गळती झाली, पांढरा ढग पसरला, पाइपलाइनमधला दाब पडला. त्या दिवशी २२ रुग्ण गेले. नीट बघा, टँकर दारात उभा होता! ऑक्सिजन होता. गेली ती जोडणी.

दुसरी गोव्याची. मे २०२१, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. तिथे सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून मॅनिफोल्डला जोडत होते. ट्रॉली बदलताना दाब कमी व्हायचा. पहाटे दोन ते सहा या वेळेत माणसं दगावत होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं, तेव्हा ट्रॅक्टर वळवण्यात आणि सिलिंडर जोडण्यात अडचणी येतात, असं सरकारनेच सांगितलं. मग त्याच महिन्यात तिथे २०,००० लिटरची टाकी बसली.

म्हणजे हजार किलोमीटरचा प्रवास एकवेळ जमतो, शेवटचे शंभर मीटर जमत नाहीत. एक जोड, एक पाना आणि रात्रपाळीचा एक माणूस.

उलट उदाहरण नंदुरबारचं. आदिवासी जिल्हा, साधनं तुटपुंजी. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असताना, २०२०मध्येच, पीएसए प्रकल्प बसवायला घेतला. त्याची वाहवा खूप झाली. पण मला जास्त आवडली ती 'ऑक्सिजन नर्स'. कुणाला किती ऑक्सिजन चाललाय, गरज नसताना वाहतोय का, मास्क नीट बसलाय का, एवढंच बघण्यासाठी नेमलेली नर्स. या कल्पनेला यंत्र लागत नाही. पगार लागतो.

आता थोडं स्वतःबद्दल, नाहीतर दुसऱ्यांना नावं ठेवणं सोपं असतं. आमच्या ऑफिसात आम्ही वर्गणी काढून एका ग्रामीण हॉस्पिटलला पाच कॉन्सन्ट्रेटर दिले होते. फोटो काढले, देणाऱ्यांच्या नावाचे स्टिकर लावले, ई-मेलवर एकमेकांचं अभिनंदन केलं. दीड वर्षाने मी सहज तिथे गेलो. दोन कोपऱ्यात बंद होते. उरलेल्यांचे फिल्टर धुळीने काळे. वीज वरखाली व्हायची आणि स्टॅबिलायझर आम्ही दिलाच नव्हता. तिथली सिस्टर म्हणाली, "दादा, रिपेअरला फोन कुणाला करायचा ते सांगितलंच नाही कुणी." मी काय बोलणार? चूक तिची नव्हती. आम्ही यंत्र दिलं, 'कुणीतरी' दिलाच नाही.

सरकारचंही आमच्यासारखंच झालं. २०२१नंतर देशभर पीएसए प्रकल्पांची उद्घाटनं झाली आणि मग त्यातले अनेक बंद पडल्याच्या बातम्या येत राहिल्या. नारळ फोडायला मंत्री मिळतो, फिल्टर बदलायला माणूस मिळत नाही, कारण फिल्टरवर कोनशिला बसवता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच. ऑक्सिजन ही खरेदी नाही, चाकरी आहे. प्रकल्प मंजूर करतानाच पाच वर्षांच्या देखभालीचे आणि तीन पाळ्यांतल्या शिकलेल्या ऑपरेटरचे पैसे बाजूला ठेवा. ते नसतील तर प्रकल्प नको, सिलिंडरच बरे. आणि महिन्यातून एकदा रंगीत तालीम करा. मुख्य पुरवठा गेला असं समजून राखीववर जा आणि घड्याळ लावा. जो बॅकअप कधी रिस्टोअर करून पाहिला नाही तो बॅकअपच नाही, हे आपण सर्व्हरच्या बाबतीत शिकलो. तिथे फार तर साइट बंद पडते. इथे श्वास.

पैसे आपणही देतो, देणग्यांतून आणि करांतून. पुढच्या वेळी देताना 'मशीन किती लिटरचं?' याच्याआधी 'रात्री तीन वाजता तिथे कोण असतं?' हे विचारूया.

जाता जाता. शिंगणापुरात २०११ साली युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा मोठं कौतुक झालं होतं. पुढे बातम्यांत वाचलं, की काचेच्या दाराला सहज न दिसणारं, रिमोटवर चालणारं चुंबकी कुलूप होतं! बाबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर केलं. भरवसा लोकांनी ठेवायचा. बँकेने नाही."