वह्या पुरे झाल्या

मागच्या रविवारी एका स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला गेले होते. एका सुखवस्तू कुटुंबाने आजोबांच्या नावाने प्रतिष्ठान काढले आहे आणि त्यांच्या पुण्यतिथीला गावातल्या गरजू मुलांना मदत दिली जाते. हेतू चांगला, माणसेही चांगली. पण निवेदकाने यादी वाचायला घेतली आणि मला तिथे बसवेना. मुलाचे नाव, इयत्ता आणि त्यापुढे, चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ‘वडील मयत’, ‘आई शेतमजूर’, ‘वडील घर सोडून गेलेले’. एकेक मूल मंचावर यायचे, वह्यांचा गठ्ठा घ्यायचे आणि फोटोग्राफर म्हणायचा, “बाळा, इकडं बघ. गठ्ठा जरा वर धर.” एक मुलगी, सातवी-आठवीतली असेल, नाव पुकारले तरी उठलीच नाही. शेजारच्या बाईंनी तिला ढकलले तेव्हा गेली. गठ्ठा घेतला, पण मान वर केली नाही. फोटोग्राफरने पुन्हा सांगितले, तरी नाही. मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला.

या सदराच्या जुन्या वाचकांना हारतुरे, शाली आणि माइक यांच्यावरचा माझा राग ठाऊक आहे. सत्कार समारंभांवर लिहिले तेव्हा बरीच पत्रे आली होती. पण सत्कारात अवघडतो तो मोठा माणूस. त्याला ‘नको’ म्हणता येते. आठवीतल्या मुलीला ते म्हणता येत नाही, कारण घरी खरोखरच गरज असते. तिच्या बापाचे मरण किंवा पळून जाणे ही तिच्या घरातली गोष्ट आहे. ती माइकवरून सांगण्याचा हक्क वह्यांच्या गठ्ठ्याने कुणालाही मिळत नाही. सोमवारी वर्गात तिच्या मागच्या बाकावरची मुले काय बोलली असतील, हा विचार त्या व्यासपीठावरच्या एकाही माणसाच्या मनात येऊ नये?

आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी काही करावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिचे दाखलेही मोठे आहेत. परळला आचार्य दोंदे मार्गावर वाडियांची दोन रुग्णालये आहेत. गिरणीमालक नौरोसजी वाडिया यांच्या नावाचे प्रसूतिगृह १९२६ चे, त्यांच्या पत्नी बाई जेरबाई यांच्या नावाचे लहान मुलांचे रुग्णालय १९२९ चे. कुसरो आणि नेस या दोन मुलांनी आईवडिलांची आठवण ठेवली ती अशी, गिरणगावाच्या मध्यात. जेरबाईंनी स्वतःही नवऱ्याच्या पश्चात बेताच्या परिस्थितीतल्या पारशी कुटुंबांसाठी घरे उभी केली होती. लालबागची नवरोज बाग त्यांतलीच. तिकडे सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला नाव लागले त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी.

परळ-लालबागच्या चाळींत ‘पोराला वाडियात नेलंय’ हे वाक्य किती पिढ्यांनी उच्चारले असेल! ते उच्चारताना कुणाची मान खाली गेल्याचे मी ऐकलेले नाही. तिथे जाणाऱ्या बाईला वाडियांच्या वंशजांपुढे उभे राहून फोटो काढून घ्यावा लागला नाही. नाव इमारतीवर आहे, पोराच्या केसपेपरवर आहे आणि पोर बरे होऊन घरी जाते. स्मारक असावे तर असे, असे मला मनापासून वाटते.

आता वह्यांकडे येते. या वह्यांबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचे होते. माझी एक मैत्रीण तालुक्याच्या गावी मुख्याध्यापिका आहे. ती सांगते, जून उजाडला की वह्यांचे टेम्पो सुरू होतात. एक प्रतिष्ठान, एक गणेश मंडळ, एखादी पतसंस्था आणि निवडणूक जवळ असेल तर इच्छुक उमेदवार, ज्याचा चेहरा मुखपृष्ठावर असतो आणि पाढे मलपृष्ठावर. त्याच त्या मुलांना त्याच त्या वह्या. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांतून मोफत मिळतात, म्हणजे पुस्तकांचाही प्रश्न नाही. तिच्या शाळेच्या कपाटात मागच्या वर्षीच्या कोऱ्या वह्या अजून आहेत. मात्र त्याच शाळेत एक मुलगा महिन्याचे पहिले काही दिवस हटकून गैरहजर असायचा. वर्गशिक्षकांना आधी वाटले, आळस. मग हजेरीपट मागे-मागे चाळत गेले तेव्हा लक्षात आले की हे दर महिन्याला होते आहे.

कारण होते एसटीचा पास. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो आणि त्या योजनेने किती मुलींची शाळा टिकवली हे खेड्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. मुलांना मात्र ६६.६७ टक्के सवलत आहे. उरलेला एक-तृतीयांश भाग महिन्याच्या सुरुवातीला रोख मोजावा लागतो. ज्या घरी आई एकटी कांदालागवडीला, खुरपणीला जाते आणि हजेरी आठवड्याने हातात पडते, तिथे एक तारखेला ते पैसे नसतात. चार दिवसांनी येतात. तेवढे चार दिवस पोरगा घरी. वर्षाचे मोजले तर महिन्याभराहून अधिक शाळा बुडते आणि नेमका गणिताचा नवा धडा सुरू होतो तेव्हा हा नसतो. त्या मुलाकडे वह्या भरपूर होत्या. हवा होता तो पास.

चष्म्याचेही तसेच. फळ्यावरचे दिसत नाही हे मुलाला स्वतःला कळत नाही, कारण सगळ्यांनाच असे पुसट दिसते असे त्याला वाटते. तो शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतो आणि ‘नक्कल करतो’ म्हणून बोलणी खातो. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, नंबर असल्याचे कागदावर लिहिले जाते आणि कागद दप्तरात राहतो. त्या कागदापासून नाकावरच्या चष्म्यापर्यंत कुणीतरी न्यायला हवे. घरातल्या मोठ्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडवून तालुक्याला जायचे, ही त्या घरात चैन असते. मला विचाराल तर एखाद्या आजीच्या स्मरणार्थ दरवर्षी फक्त एवढेच करावे: शाळेतल्या ज्या-ज्या मुलाला नंबर निघाला त्याला चष्मा मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा, आणि फुटला तर दुसरा. मुलांचे चष्मे फुटतातच.

आणि ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरासाठी तर याहून मोठे काम आहे, आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. ही रक्कम पूर्वी ४२५ होती, मग १,१०० झाली. वडील वारले असोत की टाकून गेले असोत, आई अर्ज करू शकते. वर्षाचे २७,००० होतात. कुठल्याही प्रतिष्ठानाच्या वह्या, दप्तर आणि छत्री एकत्र केली तरी या रकमेच्या जवळ जात नाहीत. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे खाते असे सगळे लागते. प्रत्येक कागदासाठी एक कचेरी आणि प्रत्येक कचेरीसाठी एक बुडालेला रोज. एका खिडकीवरच्या माणसाने ‘उद्या या’ म्हटले की दोन. नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेली बाई हे एकटीने कसे करणार? माझ्या ओळखीच्या एका बाईने अर्धी फाइल तयार करून सोडून दिली. नवऱ्याचे नाव आधारकार्डावर एका तऱ्हेने आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते. ते दुरुस्त करून आणा, असे तिला सांगितले गेले. कुठून आणायचे ते कुणी सांगितले नाही.

आपल्या प्रत्येक प्रतिष्ठानात एक तरी निवृत्त तलाठी, बँकेतला कारकून किंवा शिक्षक असतोच. पुण्यतिथीच्या दिवशी मंचावर खुर्ची देण्याऐवजी त्यांना वर्षभर हे काम द्यावे. बाईबरोबर तहसील कचेरीत जाऊन बसावे, अर्ज भरावा, पोच घ्यावी, पैसे थकले की विचारायला जावे. पैसे थकतातच, तेव्हा विचारायला जाणारा माणूस हीच खरी मदत.

असे करणारे एक कुटुंब मला माहीत आहे. दोन बहिणी आणि एक भाऊ. आई घरी शिवणकाम करायची. परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, सणाला बाळाची झबली. ती गेल्यावर वर्षश्राद्धाचा मोठा खर्च तिघांनी टाळला आणि दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढायला सुरुवात केली. प्रतिष्ठान वगैरे नोंदवले नाही. स्वतःचाच पैसा, लोकांकडून काही घ्यायचे नाही, त्यामुळे त्यांना ती गरजही भासली नाही. जून, ऑक्टोबर आणि जानेवारीत थोरली बहीण वर्गशिक्षकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना विचारते, कुणाचे काय अडले आहे. बूट असतील तर दुकानात पैसे भरले जातात आणि मूल आईबरोबर जाऊन आपल्या पसंतीचे बूट घेते. दुकानदाराला नाव सांगायचे नाही, एवढे ठरलेले. पास असेल तर शिक्षकांकडे पैसे. दहावीच्या परीक्षेची फी असेल तर तीही.

हे असे गुपचूप का, म्हणून मी विचारले. धाकटी म्हणाली, “आई कुणाच्या पोरीचं पोलकं फुकट शिवून दिलं ना, तर आधी पिशवीत घालायची. म्हणायची, उघडं नेऊ देऊ नका. वाटेत कुणी विचारलं की पोरीला सांगत बसावं लागतं.”

भावाचे मात्र म्हणणे वेगळे होते. आईचे नाव कुठेच नाही याचे त्याला वाईट वाटायचे. “ताई, आपण गेल्यावर आपल्या पोरांना काय कळणार, हे कुणाच्या नावानं चाललं होतं?” या प्रश्नावर बहीण-भावंडांत चांगलीच बोलाचाली झाली, असे थोरलीने मला सांगितले. मी भावाच्या बाजूची आहे. आपल्या आईचे नाव चार लोकांनी वाचावे असे वाटणे हा बडेजाव नव्हे, ती माया आहे. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरचे कपडे शिवले तिचे नाव गावात कुठेतरी कोरलेले असायलाच हवे. वाडियांनी आणि ठाकरसींनीही नावे लावलीच. नाव भिंतीवर, दारावर, पाणपोईवर लावा. मुलाच्या पाठीवरच्या दप्तरावर लावू नका. शेवटी त्या तिघांनी शाळेत मुलींसाठी शिवणयंत्रे दिली आणि त्या खोलीच्या दारावर आईचे नाव आले. भाऊ त्या दिवशी रडला, आणि बहिणीही. बूट आणि पास मात्र अजून पूर्वीसारखेच, पिशवीत.

याच शाळेच्या कार्यालयात काचेच्या चौकटीत एक फलक आहे. कुणाच्या स्मरणार्थ किती ठेव आणि तिच्या व्याजातून कोणते बक्षीस, अशी यादी. असा फलक बहुतेक जुन्या शाळांत असतो, वाचकांनी पाहिला असेल. पन्नास वर्षांपूर्वी कुणी वडिलांच्या नावे १,००० रुपये ठेवले तेव्हा तो कारकुनाचा काही महिन्यांचा पगार होता. व्याजातून दहावीला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीची पुस्तके येत. आज सहा टक्के धरले तर वर्षाला ६० रुपये होतात. तिथल्या मुख्याध्यापिका स्वतःच्या पर्समधून भर घालतात, पाकीट बंद करतात आणि बक्षीस त्या माणसाच्याच नावे देतात. त्यांनी हे मला सहज सांगितले, तक्रार म्हणून नाही. पण माझ्या मनातून ते जात नाही. ठेव ठेवणाऱ्या मुलाने वडिलांचे नाव कायमचे राखले असे समजून डोळे मिटले असतील. आणि त्याची नातवंडे पुण्याला किंवा परदेशात असतील, त्यांना असा फलक आहे हेही माहीत नसेल.

एवढ्या मोठ्या वाडियांच्या रुग्णालयांनाही पैशाची ओढाताण चुकली नाही. अनुदान थकले म्हणून जानेवारी २०२० मध्ये तिथे रुग्णसेवा बंद पडायची वेळ आली, कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गाजले आणि मग निधीचे मान्य झाले. नव्वद वर्षे चाललेल्या संस्थेची ही गत, तर शाळेच्या हजार रुपयांच्या ठेवीचे काय! स्मृतीसाठी ठेवलेल्या पैशाकडे दर पिढीने एकदा पाहावेच लागते. भर घालावी लागते, किंवा दहा लहान ठेवी एकत्र करून त्यांतून एकच पण उपयोगी गोष्ट करावी लागते. नावे दहाही राहू द्यावीत.

माझ्या स्वतःच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची सभा येत्या मे महिन्यात आहे. तिथल्या अशाच फलकावरच्या प्रत्येक नावाच्या वारसांचा शोध घ्यावा, त्यांना ठेवीची आजची स्थिती कळवावी आणि त्यांची संमती मिळाली तर व्याज एकत्र करून मुलांचे एसटी पास आणि चष्मे यांवर खर्च करावे, असा ठराव मी तिथे मांडणार आहे. पत्ते शोधायचे काम मी घेते आहे. तुमच्या आजोबा-आजींच्या नावे एखाद्या शाळेत ठेव असल्याचे घरात कधी ऐकले असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्या शाळेत एक फोन करा आणि विचारा, गेल्या वर्षी त्या पैशातून कुणाला काय मिळाले.