देणारा अकबर, मागणारा सलीम

सत्तरचं दशक म्हटलं की माझ्या पिढीला आधी सिनेमे आठवतात. 'दीवार'मधला ७८६ क्रमांकाचा बिल्ला, 'जंजीर'मधला शेरखान, 'अमर अकबर अँथनी'मधला कव्वाल. मी त्या दशकानंतर जन्मलेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस. हे चित्रपट टीव्हीवर पाहिले, आजही आवडीने पाहतो. पण त्या काळच्या चळवळी शेजारी ठेवल्या की या प्रेमळ चित्रांत काय नव्हतं, ते दिसू लागतं.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७४चा रेल्वे संप झाला, मग आणीबाणी आली. माणसं रस्त्यावर येऊन हक्क मागत होती.

तेव्हा पडद्यावरची मुस्लिम स्त्री कशी होती? १९७२च्या 'पाकीजा'मध्ये ती कोठ्यावरची तवायफ आहे. तलाक हाच विषय असलेला 'निकाह' गाजला तो १९८२मध्ये. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला २०१७मध्ये, म्हणजे त्या मोर्चानंतर ५१ वर्षांनी.

पुरुषांचं चित्र अधिक लाडकं होतं. शेरखान दोस्तीसाठी जीव टाकणारा. १९७७चा अकबर तर सगळ्यांचा आवडता; तोही कथेत हिंदू घरात जन्मलेला आणि मुस्लिम शिंप्याने वाढवलेला. तिन्ही भावांचं रक्त एकाच वेळी आईला चढतं, तो प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला. त्यातली भावना खोटी नाही. पण अकबर तिथे देणारा आहे आणि मोर्चातल्या त्या सात जणी मागणाऱ्या होत्या. देणारा सगळ्यांना आवडतो. मागणारा कोणाला आवडतो?

आजही तसंच आहे. ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन गेलो की मी 'अगदी आमच्यातला' असतो. भाड्याने घर मागायला गेलो की नाव विचारलं जातं आणि खोली अचानक 'गेलेली' असते. आपल्या समाजातही वेगळं काही नाही. घर सांभाळणाऱ्या बाईचं कौतुक होतं. तिने पोटगी मागितली की तिला ऐकवलं जातं, 'दिवस बघ कसले आहेत, आत्ता नको.'

म्हणून त्या दशकातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा चित्रपट एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा'. सेन्सॉरने तो काही महिने अडवून ठेवला होता. १९७४मध्ये तो प्रदर्शित झाला. आग्र्याचा चपलांचा कारखानदार सलीम मिर्झा फाळणीनंतर सगळं गमावतो आणि अखेर पाकिस्तानात जायला टांग्यातून निघतो. वाटेत नोकऱ्या मागणारा मोर्चा लागतो. आधी मुलगा त्यात उतरतो, मग तो स्वतः.

त्या गर्दीत त्याला देशप्रेम सिद्ध करायला कोणी सांगत नाही. तोही इतरांसारखाच एक मागणारा असतो. आपल्याबद्दलचं प्रेम पडद्यावर पाहून बरं वाटतं, वाटू द्यावं. पण बेकारांच्या, भाडेकरूंच्या, तलाकपीडित बायकांच्या मोर्चात आपण किती वेळा उतरतो, नागरिक म्हणून आपला हिशेब तिथे होतो.