बटणं टिकतात, पण ॲपचं काय?

परीक्षा जवळ आली की अभ्यासिकेत एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी स्मार्टफोन रूमवर ठेवून येतं आणि टेबलावर पुस्तकाशेजारी छोटासा बटणांचा फोन ठेवतं. शेजारचा हसतो, ‘काय रे, आजोबांचा फोन ढापलास का?’ आणि आठवडाभराने तोच हळूच विचारतो, ‘केवढ्याला पडला?’

तुमच्याही मनात हा विचार येऊन गेला असेलच. रिल्स बघता बघता रात्रीचा एक वाजतो आणि वाटतं, नकोच ही कटकट. घ्यावा एक साधा फोन आणि सुटावं! विचार चांगलाय. पण पैसे मोजण्यापूर्वी जमाखर्च मांडून बघू.

आधी जमेची बाजू. किंमत कमी. २०२३ मध्ये जिओ भारत आला तोच ९९९ रुपयांना. स्क्रीन छोटी, म्हणून बॅटरी जास्त टिकते. आणि बटण बोटाला कळतं. ५ च्या बटणावरचा बारीक उंचवटा चाचपून बघा. त्याच्या आधाराने न बघताही नंबर लावता येतो. डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी तर ती फार मोठी सोय आहे. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की मदतीचा कॉल जावा, असाही नियम आहे.

पैसे पाठवायचे? त्यासाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं. इंटरनेट लागत नाही, एका ठरलेल्या नंबरवर फोन करून व्यवहार करता येतो. आणि नेट वापरायचंच नसेल, तर त्याचे पैसे का भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं रिचार्ज द्यायला सांगितलं. म्हणजे साधा फोन वापरणं आज वाटतं तेवढं अवघड राहिलेलं नाही.

मग घोडं अडतं कुठे? ‘बटणंही हवीत आणि व्हॉट्सॲपही’ इथे!

ऑगस्ट २०१८ मध्ये जिओफोन २ आला. २,९९९ रुपयांत पूर्ण क्वर्टी कीबोर्ड. म्हणजे प्रत्येक अक्षराला वेगळं बटण, अगदी ब्लॅकबेरीचा थाट! स्क्रीन २.४ इंची, आत कायओएस नावाची प्रणाली. थोड्याच दिवसांत त्यावर व्हॉट्सॲपही मिळालं. वाटलं, जमलं बुवा! पण जून २०२४ पासून कायओएसच्या फोनवर व्हॉट्सॲप नव्याने घेणंच बंद झालं. फोन धडधाकट, बटणंही शाबूत, पण ज्यासाठी घेतला तेच गेलं. खुद्द ब्लॅकबेरीचंही तेच झालं. ४ जानेवारी २०२२ ला कंपनीने जुन्या फोनच्या सेवा थांबवल्या. कीबोर्ड मात्र अजूनही तसाच टकटक वाजतो.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बटणांचा स्वस्त फोन कॉलसाठी घ्या, एसएमएससाठी घ्या, शांततेसाठी घ्या. ॲपसाठी घेऊ नका. ॲप किती दिवस चालणार हे बटणं ठरवत नाहीत, लांब बसलेली कंपनी ठरवते.

घ्यायचाच असेल तर दुकानात दोन गोष्टी विचारा. फोन फोर-जी आहे का? जिओचं टू-जी नेटवर्क नाही, त्यामुळे जुन्या टू-जी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही. आणि त्यात कुठल्याही कंपनीचं सिम चालतं का? जिओ भारतमध्ये फक्त जिओचंच चालतं.

त्याआधी घरी एक काम करा. आठवडाभर वहीत लिहा, आज फोन कशाकशासाठी लागला. फॉर्म भरायला, प्रवेशपत्र डाउनलोड करायला, क्लासच्या नोट्स घ्यायला, रस्ता शोधायला. या यादीतली कामं दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी उरकता येत असतील तर स्मार्टफोन घरी ठेवा, खिशात बटणांचा बाळगा. बँकेशी जोडलेलं सिम त्यातच टाका, ओटीपी साध्या एसएमएसनेही येतो. पण यादीतली कामं दिवसभर पसरलेली असतील, तर दुसरा फोन तुमचा प्रश्न सोडवणार नाही. तेव्हा रिल्सचं ॲप काढून टाकणं जास्त स्वस्त पडेल!

आणि हा हिशेब मांडताना आपल्याच वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीची आठवण ठेवा. भावाच्या हातात स्मार्टफोन आणि तिच्या हातात बटणांचा, अशी घरं आजही आहेत. आपण हौसेने ज्याला ‘डिटॉक्स’ म्हणतो, ती तिची रोजची अडचण आहे. प्रॅक्टिकलची बदललेली वेळ व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते आणि ती मात्र जुन्याच वेळेला येऊन लॅबच्या बंद दारासमोर उभी राहते.

आपल्याला वाटलं की आपण उद्या स्मार्टफोनकडे परत जाऊ शकतो. तिला तो पर्याय नाही. तेव्हा ग्रुपवर मेसेज टाकून झाला की तिला एक फोन नक्की करा. तिचा फोन त्यासाठी उत्तम आहे.