खोडलेली भावजय
एमिली डिकिन्सनची कौटुंबिक पत्रे म्हणजे तिच्या कवितेची निव्वळ चरित्रसाधने, हे गृहीतक समीक्षेने संपादकांकडून उसने घेतले आहे. शेजारच्याच घरात राहणाऱ्या भावजयीला, सुझनला, तिने पाठवलेल्या कित्येक मजकुरांत पत्र कोठे संपते नि कविता कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. भाऊ ऑस्टिनला लिहिलेल्या पत्रांतून मात्र सुझनचे उल्लेख खोडले गेले. १८९४ च्या दोन खंडांत सुझनला लिहिलेली पत्रे नाहीत. त्यांच्या संपादिका मेबल लूमिस टॉड या ऑस्टिनच्याच प्रेयसी. पुढे टॉमस जॉन्सन यांनी कविता (१९५५) आणि पत्रे (१९५८) यांच्या स्वतंत्र आवृत्त्या काढल्या. वाङ्मयप्रकारांची ही सीमारेषा अशी संपादकीय मेजावर आखली गेली. तिलाच कवयित्रीचा हेतू मानणारी समीक्षा संहिता वाचत नाही. खोडणाऱ्या हाताची वकिली करते.