फक्त सही कर रे!

आपल्या ग्रुपमध्ये कुणीतरी एक असतोच, बारावीनंतर एक वर्ष घरी बसलेला. ॲडमिशनला गेला की कॉलेज म्हणतं, गॅप सर्टिफिकेट आण. मग धाराशिव असो, तुळजापूर असो की उमरगा, कोर्टाच्या आवारात तीच धावपळ. टायपिंगवाला तयार मजकुरात नाव भरून देतो, कुणीतरी कागद आत घेऊन जातं आणि पाच मिनिटांत गोल शिक्का बसलेला कागद आपल्या हातात. ‘माझ्यासमोर शपथ घेतली’ असं त्यावर ज्यांनी लिहून दिलं, त्यांचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं.

सगळीकडे असंच होतं असं नाही. नीट काम करणारे नोटरी भरपूर आहेत. पण असं झालं तर आपल्यालाही ते बरंच वाटतं, खरं ना? वेळ वाचला! आणि माझं भांडण नेमकं इथंच आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती नोटरी होऊ शकते. वकील असायची गरज नाही. सहा तासांचा कोर्स, एक परीक्षा, पोलिसांकडची पार्श्वभूमी तपासणी, झालं. मात्र एक अट आहे. कामाला लागण्याआधी 15 हजार डॉलरचा शुअरिटी बॉण्ड, म्हणजे आपल्या भाषेत जामीनखत, भरावं लागतं. नोटरी छोटा हप्ता भरतो आणि कंपनी त्याला जामीन राहते. त्याच्या चुकीमुळे कुणा नागरिकाचं नुकसान झालं, तर त्या रकमेपर्यंतची भरपाई कंपनी देते आणि नंतर नोटरीकडूनच वसूल करते. थोडक्यात, हा बॉण्ड नोटरीला वाचवण्यासाठी नसतो, तुमच्याआमच्यासाठी असतो.

आपल्याकडे उलटं आहे. 1952 चा नोटरी कायदा आणि 1956 चे नियम यांनुसार वकिलीची किमान दहा वर्षं झाल्याशिवाय नोटरी होता येत नाही. महिला, तसंच अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी वकिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे. प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी मिळतं, मग नूतनीकरण. म्हणजे तुमच्यापैकी कुणी आत्ता लॉला असेल आणि गावाकडं येऊन नोटरी व्हायचं स्वप्न बघत असेल, तर हिशेब आजच मांडा. त्यात जामीनखताचा खर्च मात्र धरू नका, कारण आपल्या कायद्यात ते मागितलेलंच नाही.

अनुभवावर विश्वास ठेवला, चांगलं केलं. पण चूक झाली तर? गैरवर्तनाची तक्रार सरकारकडे करता येते, नोटरीचं नाव यादीतून काढलंही जाऊ शकतं. पण नोटरी म्हणून काम करताना गुन्हा घडला, तर कायद्याच्या कलम 13 नुसार सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट त्याची दखल घेऊ शकत नाही. ज्याची जमीन बनावट कागदामुळे अडकली, त्याच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवलेला एक रुपयाही नसतो.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडेही नोटरीला जामीनखत असावं. भूम-परंड्यातल्या नव्या वकिलावर ओझं पडेल असं कुणी म्हणेल. पण हप्ता लहान ठेवता येतो. आणि कोर्टात कुणाला जामीन राहायचं तर आपण शेतकऱ्याकडून सातबारा आणि ऐपतीचा दाखला मागतोच की! मग ज्याच्या शिक्क्यावर सगळे विसंबतात, त्याच्याकडून काहीच का मागू नये?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात काय आहे?

पहिलं, नोटरी लागतो का ते विचारा. राज्य सरकारने 9 मार्च 2015 च्या निर्णयाने बऱ्याच ठिकाणी शपथपत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र पुरेसं केलंय. जात, उत्पन्न, अधिवास या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा स्टॅम्पही लागत नाही. दुसरं, लागलाच तर स्वतः समोर उभे राहा, मजकूर वाचा आणि नोटरीच्या रजिस्टरमध्ये सही करा. उद्या वाद झाला तर ती नोंदच तुमच्या बाजूने बोलेल. तिसरं, फी नियमाने ठरलेली असते आणि दरपत्रक ऑफिसच्या आत आणि बाहेर लावलेलं असायला हवं. ते बघा. विचारायला लाजू नका.

आणि आता तुमच्याबद्दल. कॅलिफोर्नियातला अठरा वर्षांचा पोरगा नोटरी होऊ शकतो. तुम्ही अठराव्या वर्षी नोटरी नाही होऊ शकत, पण जामीनदार नक्की होऊ शकता. मित्राला बाईक घ्यायची असते, पतसंस्थेचं कर्ज असतं. ‘राव, फक्त सही कर, हप्ते मीच भरणार आहे.’ तो खरंच भरणार असतो. पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, नावापुरती नाही, पूर्ण. हप्ते थकले तर नोटीस तुमच्या घरी येणार आणि ती आधी आईच्या हातात पडणार. भरलेले पैसे मित्राकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण त्याच्याकडे असते तर त्याने हप्तेच भरले असते ना?

2022 मध्ये धाराशिवात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्यांना एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असतो.  तिथंही ॲडमिशनच्या आनंदात किती जण तो कागद शेवटपर्यंत वाचत असतील?

आपल्या आज्या-आजोबांना कुणाला जामीन राहायचं म्हटलं की रात्रभर झोप लागायची नाही. अब्रूचा प्रश्न असायचा. ती भीती परत आणा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘फक्त सही कर रे’, तर एवढंच म्हणा, ‘दे इकडं, आधी वाचतो.’ खरा मित्र असेल तर तेवढा वेळ थांबेल.