खोक्यावरचे आकडे आणि कानाशी घरघर

मुलाच्या अभ्यासाचे टेबल, टेबलाखाली संगणकाचा डबा आणि तीन-चार हातांवर आजीचा पलंग. दोन खोल्यांच्या घरात हे चित्र नवे नाही. कोविडच्या काळात कार्यालय घरात शिरले, ते अनेकांच्या घरातून अजून पुरते बाहेर पडलेले नाही. मे महिन्याच्या रात्री व्हिडिओचे संपादन किंवा एखादा गेम सुरू झाला की त्या डब्यातले पंखे गिरणीसारखे घरघरू लागतात आणि आजी कूस बदलत राहते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. या आवाजाने कोणी बहिरे होत नाही. कानाला इजा होण्याची भीती ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज रोज आठ तास ऐकला तर असते, आणि संगणक तिथपासून फार दूर आहे. प्रश्न झोपेचा आणि एकाग्रतेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी ३० आणि वर्गखोलीसाठी ३५ डेसिबल ही मर्यादा दिली आहे. जोरात काम करणारा संगणक ती सहज ओलांडतो. मग ती घरघर ऐकू येऊ नये म्हणून मुलगा हेडफोनचा आवाज वाढवतो. कानाला खरा धोका तिथे सुरू होतो.

‘थंड ठेवायचे तर आवाज सोसावाच लागणार,’ असे दुकानदार सांगतात आणि आपण मान्य करतो. पंख्याचे गणित मात्र वेगळे सांगते. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही साधारण निम्मी होते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि वीज आठव्या हिश्शावर येते. म्हणजे पूर्ण वेगाने फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने लावले, तर मोकळ्या जागेत हवा तेवढीच मिळते. दुसऱ्या पंख्याने आवाजात भर पडते ती जेमतेम ३ डेसिबलची, त्यामुळे एकूण आवाज पहिल्यापेक्षा सुमारे १२ डेसिबलने कमीच राहतो. आकाराचा फायदा याहून मोठा. एकाच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा त्याच वेगात जवळजवळ ३.४ पट हवा ढकलतो. लहान पंख्याला जे काम करायला मिनिटाला २७०० फेरे लागतात, ते मोठा ८०० फेऱ्यांत उरकतो. तेव्हा डब्यात १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा बसत असेल, तर लहान पंखा घेण्यात अर्थ नाही.

आता खोक्यावरचे आकडे. ‘मिनिटाला इतके घनफूट हवा’ हा आकडा पंख्यासमोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. शेजारी छापलेला ‘दाब’ हा हवा अजिबात पुढे जात नसतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. जाळी, धूळगाळणी आणि प्रोसेसरवरच्या दाट धातूच्या पट्ट्या यांतून हवा रेटायची असेल तर दाब महत्त्वाचा. मागच्या बाजूने गरम हवा नुसती बाहेर टाकायची असेल तर प्रवाह. डेसिबलचा आकडा तर कित्येकदा किती अंतरावरून मोजला हे न सांगताच छापतात. मोकळ्यावर अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. एक मीटरवर मोजलेला ‘२५’ गुडघ्याजवळच्या डब्यात २५ राहत नाही. शिवाय आकडा सारखा असूनही एक पंखा नुसता सळसळतो आणि दुसरा बारीक शिट्टी घालतो. त्रास शिट्टीचा जास्त होतो, आणि ती खोक्यावर छापलेली नसते. शक्य असेल तर दुकानात पंखा चालवून ऐकावा. गल्ल्याजवळच्या गोंगाटात ते अवघड आहे, हेही खरे.

सध्या फॅशन आहे ती समोर सलग काच लावलेल्या, रंगीत दिव्यांच्या डब्यांची. दिसतात देखणे. पण हवा यायची कुठून? बाजूच्या चिंचोळ्या फटीतून ती ओढताना महागडा पंखाही गुरगुरतो. आपल्या उन्हाळ्यात हे जास्त बाधते. कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. नागपुरात खोलीच ४० अंशांवर असेल तर २५ अंशांच्या खोलीत केलेल्या चाचणीतला आकडा तसाच १५ अंश वर सरकतो. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून समोर जाळीचा, मोकळा डबा घ्यावा; पंख्यावर पैसे खर्च करणे ही त्यानंतरची गोष्ट.

घरी जुनाच संगणक असेल तर आधी धूळ काढावी. वीज बंद करून, पाते बोटाने धरून. नाहीतर ब्लोअरच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. चार पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये त्याचा वेग तापमानानुसार, हळूहळू चढेल असा ठेवता येतो. क्षणाक्षणाला चढउतार करणारा पंखा एकसुरी पंख्यापेक्षा जास्त छळतो.

ग्राहकाने एवढे गणित करावे, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. छताच्या पंख्यावर १ जानेवारी २०२३पासून ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले. किती विजेत किती हवा, यावर ते तारे ठरतात. आवाजाचा विचार तिथेही नाही. संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या कानाजवळ आवाज कसा मोजायचा, याची आयएसओ ७७७९ ही आंतरराष्ट्रीय पद्धत आज उपलब्ध आहे. तयार संगणक विकणाऱ्यांनी त्या पद्धतीने मोजलेले दोन आकडे, एक निवांत असतानाचा आणि एक पूर्ण ताणाखालचा, किमतीच्या शेजारी छापावेत, असा नियम सरकारने करायला हवा. तोपर्यंत निदान दुकानदाराला विचारावे: हा डेसिबलचा आकडा किती अंतरावरचा?