हृदयाचा निर्णय आणि सीझनची घाई

साठी ओलांडली की व्यापारी माणसाच्या मनात निवृत्तीचे विचार घोळू लागतात. चिरंजीव गादीवर बसू लागलेले असतात, जुनी येणी वसूल व्हायची असतात, आणि नेमक्या त्याच सुमारास जिना चढताना छातीत दाब जाणवतो. अँजिओग्राफी होते, आणि पुष्कळदा बाहेर उभ्या असलेल्या मुलांना तेथल्या तेथे विचारले जाते, ‘स्टेंट आताच बसवायचा का?’ काही मिनिटांत द्यावयाचे हे उत्तर पुढील अनेक वर्षांशी बांधलेले असते. म्हणून हा विषय घरात आधीच बोलून ठेवणे इष्ट.

पहिला भेद ध्यानात घ्यावा. हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर विचारविनिमयास अवसर नसतो. छातीतील दाब विश्रांतीनेही थांबत नाही, घाम फुटतो, हातात किंवा जबड्यात कळ जाते, अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोंडलेली धमनी जितकी लवकर मोकळी होईल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. दुकान वाढवण्याची वाट पाहू नये.

परंतु श्रम केल्यावर दुखणे आणि थांबल्यावर शमणे, हे महिनोन्महिने एकसारखे चालले असेल, तर बहुधा विचारास सवड असते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासात 37 देशांतील 5179 रुग्ण होते. औषधांच्या जोडीला आरंभीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि आधी केवळ औषधांवर ठेवलेल्यांत, काही वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. मात्र ज्यांना वारंवार दुखत होते, त्यांना स्टेंट वा बायपासने अधिक आराम मिळाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाची आकुंचनशक्ती फार घटलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांनी हा निष्कर्ष स्वतःस लावून घेऊ नये.

आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे. मधुमेहासह अनेक धमन्यांत अडथळे असतील, तर 2012 च्या ‘फ्रीडम’ अभ्यासात स्टेंटपेक्षा बायपासनंतर मृत्यू आणि झटके कमी आढळले; पक्षाघाताचा धोका मात्र अधिक होता. बायपासनंतर छातीचे हाड जुळून येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. ‘दिवाळीचा सीझन आटोपू दे’ असे म्हणणाऱ्याने, तितके थांबणे आपल्याला परवडेल का, हे डॉक्टरांनाच विचारावे. पंचांगाला किंवा खातेवहीला नव्हे.

डॉक्टरांपुढे चार प्रश्न स्पष्ट मांडावेत. या उपायाने आयुष्य वाढेल की केवळ त्रास कमी होईल? आज न केल्यास काय संभवते? औषधांवर किती काळ पाहता येईल? दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेण्यास सवड आहे का? चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

खर्चाचा हिशेबही आधी मांडावा. पेढीच्या नावे गटविमा असेल, तर निवृत्तीनंतर तो चालू राहतो का, हे पाहावे. फेब्रुवारी 2017 पासून स्टेंटच्या किमतीवर शासनाची कमाल मर्यादा आहे. बिलात ती किंमत स्वतंत्र दाखवण्यास सांगावे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत विशेष महत्त्वाची आहे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे भय असते. चौविहार पाळणाऱ्यांनी ते आधीच सांगावे. अनेक गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. पर्युषणातील उपवास, अठ्ठाई यांचा विचार डॉक्टरांना विचारूनच करावा. मधुमेहींनी तर अवश्य.

शेवटी, निर्णय ज्याच्या देहाचा आहे त्याला वगळून होऊ नये. मुले प्रेमापोटी ‘पप्पांना सांगू नका’ म्हणतात. पण ज्याने आयुष्यभर तोट्याची बातमी शांतपणे ऐकून मार्ग काढला, त्याला स्वतःच्या हृदयाची खरी स्थिती ऐकण्याचा पहिला अधिकार आहे.